उगमाचा पैसा कुणाच्या हाती?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डोंगरातले ओढे वाहू लागलेले असतील. मी लिहायला बसले आहे ती मात्र मे महिन्यात, आणि डोळ्यांपुढे आहे एक कोरडा ओढा. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे, महादेव कोळी समाजाची एक लहानशी वाडी आहे. तिचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे. नाव वाडीचं कशाला व्हावं?

तिथल्या बायांची बैठक होती. ओढ्याच्या पुनरुज्जीवनासाठी निधी द्यायला एक संस्था तयार आहे, ही बातमी घेऊन मी गेले होते. हातात प्रस्तावाचा मसुदा. तो मी वाचून दाखवू लागले. एकूण खर्च, संस्थेचा वाटा, आणि मग ‘लोकसहभाग, श्रमदानाच्या स्वरूपात, २० टक्के’. एका म्हाताऱ्या मावशींनी मला थांबवलं. “ह्यो लोकसहभाग म्हंजी कोन?” क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांची सून हसून म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही आन् मी.”

मावशी हसल्या नाहीत. “मागच्या बारीला मशीन आनलं व्हतं, त्याला तासाचं पैसं दिलं. मग मशीनला का नाय सांगितलं श्रमदान करायला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात प्रकल्प प्रस्ताव कसा लिहावा ते मी शिकले. लोकांचा वाटा दाखवला की निधी देणाऱ्याचा विश्वास बसतो, लोकांना काम आपलं वाटतं, असं तिथे सांगितलं होतं. ते सगळं खोटं नाही. पण हा वाटा कुणाच्या अंगातून निघतो, ते विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने हे संपादकीय लिहायला लावलं.

काही वाचक मैत्रिणींना वाटेल, ओढे, झरे, त्यांच्या काठची झाडं, खेकडे आणि शेकरू हा विषय निसर्गप्रेमी मंडळींचा. स्त्री संघटनांनी त्यात का पडायचं? आपल्यापुढे हुंडा, मारहाण, पोटगी, कोर्टाच्या तारखा कमी आहेत का? कमी नाहीतच. पण वाडीतल्या बाईचा दिवस कशात जातो ते मोजा. पाणी, सरपण, चारा, धुणं. या चारही गोष्टी ओढ्याच्या काठावर येऊन मिळतात. ओढा मेला की तिच्या दिवसातले दोन तास मरतात, आणि ते दोन तास कुठल्याही आराखड्यात कधी दिसत नाहीत.

नकाशावर नदी म्हणजे एक निळी रेघ. भीमा भीमाशंकरला उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वरला, कृष्णा महाबळेश्वरला, एवढं आपण शाळेत पाठ करतो. तिथे देऊळ असतं, कुंड असतं, गोमुख असतं. खरं तर नदीला एक उगम नसतो. शेकडो बिननावाचे ओहोळ, ओढे, पाझर मिळून ती होते. नदीच्या सगळ्या जाळ्याची लांबी मोजली तर त्यातला सर्वांत मोठा वाटा या लहान ओढ्यांचाच निघतो. आणि हे ओढे पावसानंतरही वाहतात ते डोंगराच्या पोटात साठलेल्या पाण्यावर. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाच्या एकावर एक चढलेल्या थरांचा. पावसाचं पाणी वरच्या भेगाळ, मुरमाड थरातून झिरपत खाली जातं. खाली घट्ट कातळ किंवा लाल मातीचा थर लागला की ते आडवं सरकतं, आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे झरा राखायचा तर काम झऱ्याच्या तोंडाशी करून भागत नाही. वर, जिथे पाणी मुरतं तिथलं गवत, माती, जंगल राखावं लागतं.

आणि ओढ्याचा काठ. जांभूळ, उंबर, करंज यांची मुळं काठ धरून ठेवतात. सावलीत पाणी थंड राहतं. पाला पडतो, तो कुजतो, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे आणि खेकडे, त्यांच्यावर खंड्या. ओढ्यातले डोह उन्हाळ्यातही ओल धरतात. बाकी पात्र कोरडं पडलं तरी मासे आणि बेडूक तिथे तग धरतात आणि पहिल्या पुरात पुन्हा सगळीकडे पसरतात. वर झाडांची छत्री सलग असेल तर शेकरू फांदीवरून फांदीवर जातं, जमिनीवर उतरायला नाखूश असतं ते. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः या शेकरूसाठी. वाडीतल्या बायांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. कुठला डोह कधी आटतो, खेकडे कुठल्या कपारीत असतात, बाळंतिणीच्या कालवणाला ते कधी आणायचे आणि अंडी धरलेली मादी का सोडून द्यायची, हे त्या सांगतात.

आता माझी चूक. २०१८ मध्ये याच ओढ्यासाठी मी पहिला प्रस्ताव लिहिला. बायांशी बोलून लिहिला होता, त्यामुळे बरा होता. वरच्या उतारावर दगडी बांध, काठावर स्थानिक झाडांची रोपं, आळीपाळीने चराई, आणि दोन बायांना पाच वर्षं राखणदारीची मजुरी. निधी देणाऱ्या संस्थेकडून तो परत आला. राखण हे काम होत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. एकदा होऊन संपणारं, मोजता येणारं काम दाखवा. किती मीटर, किती टीसीएम? टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. पाणलोटाच्या कामात हल्ली सगळे याच भाषेत बोलतात.

मी दुरुस्ती केली. राखणदारी काढली, खोलीकरण घातलं. पैसा परत जाऊ नये, ही त्या वेळची भीती खरी होती. पण ती माझी भीती होती, बायांची नव्हती. त्यांना मी नीट विचारलंही नाही. पुरुषांच्या बैठकीत विषय मंजूर झाला. पोकलेन आलं. अकरा दिवस चाललं. काठावरच्या उंबरांसकट ओढा सरळ, रुंद, खोल झाला, कालव्यासारखा. सप्टेंबरात मी त्यात तुडुंब पाण्याचा फोटो काढला. अहवाल छान झाला, माझं कौतुकही झालं.

दुसऱ्या पावसात उघडे काठ ढासळले. तिसऱ्या वर्षी गाळ भरला. डोह नव्हतेच, सगळा तळ एकसारखा. धुण्याचे दगड यंत्राने काठावर ढकलले होते, ते बायांनी हाताने परत लावायचा प्रयत्न केला, पण तिथे पाणी थांबेना. धुणं आता अर्धा तास खाली जाऊन होतं. खेकड्यांबद्दल विचारलं तर एक पोरगी म्हणाली, “ताई, त्यांना तुम्ही फोटोत नव्हतं घेतलं ना?” तो टोमणा होता की साधा प्रश्न, मला अजून कळलेलं नाही.

आमची एक वाडी आणि थोडके पैसे. राज्याच्या पातळीवर हेच चित्र कितीतरी मोठं आहे. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या अखेरीस सुरू झालं आणि २०१९ पर्यंत चाललं. महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात खर्चाचा आकडा ९,६३३ कोटी रुपयांचा आहे, आणि पाण्याची गरज भागवण्यात व भूजल वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही असा निष्कर्षही आहे. नाल्यांच्या अंदाधुंद खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा २०१५ मध्येच उच्च न्यायालयात गेले होते. अभियानात चांगली कामं झालीच नाहीत असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी मी ती पाहिली आहेत. पण यंत्राचे तास मोजणं सोपं असतं, बिल काढणं सोपं असतं आणि ठेकेदार प्रत्येक तालुक्यात असतो. राखण करणाऱ्या बाईचं बिल काढायला कुठला ठेकेदार धावणार?

खाली शहरात बघा. मुळा-मुठा याच भीमेला मिळते. तिच्या काठांच्या सुशोभनाचा पुण्यातला आराखडा ४४ किलोमीटरचा, चार हजार सातशे कोटींच्या घरातला. नदी खाली जाते तसा पैसा वर जात नाही. उगमाकडच्या ओढ्याला चौपाटी बांधता येत नाही, फीत कापता येत नाही.

मग उगमासाठी पैसाच नाही का? आहे. खाणी, धरणं, रस्ते यांसाठी जंगल तोडताना जी भरपाई भरावी लागते तिचा मोठा साठा वर्षानुवर्षं पडून होता. २०१६ मध्ये भरपाई वनीकरण निधीचा कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. या निधीतून वन्यजीवांचा अधिवास सुधारता येतो, मृद-जलसंधारण करता येतं. पण किल्ली वन खात्याच्या हाती. ग्रामसभेशी सल्लामसलत करावी असं नियम म्हणतात, आणि सल्लामसलतीचा अर्थ काय होतो ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सरपंचाची सही, शिक्का, झालं. हा पैसा मुळात कुठलंतरी जंगल गेल्याचा पैसा आहे, हेही विसरून चालणार नाही. एका डोंगरातल्या बाईचं सरपण गेलं, त्याच्या बदल्यात दुसऱ्या डोंगरात कुंपण घालून रोपं लावली आणि तिथल्या बाईचा चाराही गेला, असं घडतं. तरीही हा पैसा नाकारावा असं मला वाटत नाही. तो आलेलाच आहे. कुणाच्या ठरावाने खर्च होतो, एवढंच आता आपल्या हातात घेता येण्यासारखं आहे.

कंपन्यांचा पैसाही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. पर्यावरण आणि वन्यजीव त्या यादीत आहेत. पण तिथे चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. जांभळीच्या रोपाला गुरांच्या तोंडातून वर जायलाच तेवढा काळ लागतो.

पण सगळ्यात अडचणीचा प्रश्न मावशींचाच आहे, श्रमदानाचा. आपल्याकडे पाणलोटाच्या कामाला एक नैतिक वलय आहे. राळेगण सिद्धीपासून पंचसूत्री गाजली: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान. नशाबंदीसाठी तर बायाच सर्वांत पुढे होत्या आणि त्यात त्यांचं हित होतं, यात शंका नाही. उरलेल्या चारांचा भार मात्र घरात कुणावर येतो ते पाहा. कुऱ्हाडबंदी झाली की सरपणाला लांब ती जाते. चराईबंदी झाली की शेळ्या विकाव्या लागतात, आणि शेळी ही बहुतेक घरांत बाईच्या हातातली एकमेव रोकड. किंवा मग चारा कापून डोक्यावरून तीच आणते. नसबंदीच्या शिबिरात कुणाला झोपवतात ते सांगायला नको. आणि श्रमदानाच्या सकाळी फावडं घेऊन रांगेत कोण उभं असतं, फोटो काढून बघा. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या विहिरीचं पाणी त्या श्रमदानाने वाढतं. जिच्या नावावर गुंठाभर नाही तिने मात्र ‘गावासाठी’ घाम गाळायचा. याला सहभाग म्हणायचं तर वेठबिगारीला काय म्हणायचं?

महाराष्ट्रातल्या कष्टकरी बायांना मजुरीच्या कामाचा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर बाया लाखोंनी खडी फोडायला आल्या. त्याच हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. ती मेहरबानी नव्हती, काम मागण्याचा हक्क होता, आणि त्यासाठी मोर्चे निघाले होते. सिक्कीममध्ये २००८ नंतर झरे जिवंत करण्याचं काम ‘धारा विकास’ नावाने सुरू झालं, ते बरंचसं रोजगार हमीच्या मजुरीतून. झऱ्याचं पाणी कुठल्या उतारावर मुरतं ते आधी शोधलं आणि तिथे चर खणले. खणणाऱ्यांना दाम मिळाला. तिथे मजुरी देऊन झरे वाहू शकतात तर आपल्याकडे श्रमदानाशिवाय ‘आपलेपणा’ येत नाही, हे कुणी ठरवलं?

पाण्यावर हक्क कुणाचा, हाही प्रश्न आपल्याकडे नवा नाही. विलासराव साळुंखे यांच्या पुरंदरमधल्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही धरलं. खानापूर तालुक्यात बलवडीच्या लोकांनी येरळेच्या पात्रातली मर्यादित वाळू स्वतः विकून बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मान्य केला. वाळू विकून धरण, हे ऐकून आज आपण दचकतो, आणि वाळूमाफियांनी नद्यांचं जे केलंय ते पाहता दचकायलाच हवं. पण नदीतून काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि तो पैसा कुठे लावायचा हे गावाने ठरवलं, ही त्यातली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हिमाचलात पालमपूरच्या नगर परिषदेने २०१० मध्ये वरच्या गावांशी करार केला. शहराला पाणी देणाऱ्या झऱ्यावरचं जंगल गावांनी राखायचं आणि त्यासाठी शहराने दरवर्षी रक्कम द्यायची. पुण्याने आपल्या धरणांच्या वरच्या वाड्यांना असं काही द्यावं असं म्हटलं तर लोक हसतील. हसू द्यावं.

कायद्याची बाजू आपल्या बायांना पुरेशी सांगितली जात नाही म्हणून थोडं. २००६ च्या वन हक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क मानला. त्याचं कलम ५ तर पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार थेट हक्कधारकांना आणि ग्रामसभेला देतं. या कायद्याखालच्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, नाहीतर ठराव टिकत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला असे सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाले. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळू लागला आणि वन्यजीव, जलसंधारण हे विषय त्याच्या कामांत बसतात. म्हणजे ओढा राखायला बाईने कुणाच्या दारात हात पसरायची गरज नाही. निदान कागदावर तरी नाही.

कागदाबाहेर काय होतं? आमच्या वाडीच्या ग्रामसभेत बायांनी ओढ्याचा ठराव मांडला तेव्हा पुरुषांना त्या पैशातून देवळापुढचा सभामंडप हवा होता. दोन तास वाद झाला. काही बाया नवऱ्याचा चेहरा पाहून गप्प बसल्या. बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या वन समित्यांचा अभ्यास केला, त्यात समितीत बायांचं प्रमाण साधारण पाव ते एक तृतीयांश झालं की त्या बोलू लागतात, टिकून राहतात असं दिसलं. आमच्या सभेत बाया त्याहून जास्त होत्या, पण समितीत दोनच. शेवटी अबंध निधीतून एका वर्षाच्या राखणदारीपुरते पैसे मंजूर झाले, बाकी सभामंडपाला गेले. ही हार आहे की जीत, यावर आमच्या गटातच एकमत नाही.

आणखी एक काटा आहे. वन्यजीवांसाठी पैसा येतो तेव्हा त्याच्या मागोमाग कधी कधी कुंपण, मनाई आणि दंडाची पावतीही येते. अभयारण्याच्या हद्दीत हिरडा गोळा करणाऱ्या बायांना या भीतीची सवय आहे. त्यामुळे ‘शेकरूसाठी काठ राखायचा’ असं मी म्हणाले तेव्हा एकीने लगेच विचारलं, शेकरू आलं की आम्हाला जा म्हणतील का? शेकरू आणि बाई एकाच काठावर राहतील, असं लिहून घेतल्याशिवाय आता मी कुठल्याही निधीच्या कागदावर सही करणार नाही.

नव्या प्रस्तावाचा मसुदा बायांनी त्या बैठकीत बदलून घेतला. श्रमदानाची ओळ खोडली, तिथे किमान वेतनाने मजुरी लिहिली. ओढ्यात यंत्र उतरणार नाही. वरच्या उतारावर दगडी बांध होतील, काठावर जांभूळ, करंज, उंबर लागेल, आणि चराई पूर्ण बंद न करता तुकडे पाडून आळीपाळीने होईल, म्हणजे शेळ्या विकाव्या लागणार नाहीत. पाच वर्षं राखणदारीची मजुरी, पैसे थेट बायांच्या खात्यात. नकाशात धुण्याच्या दगडांची जागा दाखवायची, हे सुनेने सुचवलं. मावशींनी डोहांच्या जागा काठीने मातीत आखून दिल्या. मी त्या कागदावर उतरवून घेतल्या. प्रस्ताव निधी देणाऱ्या संस्थेकडे गेला आहे, उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर एका वर्षाच्या राखणदारीवर काम सुरू करायचं ठरलं आहे.

तुमच्या गावात ओढ्याचं, नाल्याचं, झऱ्याचं काम झालं असेल तर तिथला फलक वाचा. त्यावर रक्कम असते. यंत्राचे तास किती, बायांचे दिवस किती, त्यातले मजुरीचे किती आणि श्रमदानाचे किती, हे ग्रामपंचायतीतून माहितीच्या अधिकारात मागता येतं. मागून घ्या आणि आम्हाला कळवा. नुसते आकडे लिहून पाठवले तरी चालतील. पुढच्या अंकात गावागणिक छापू, आमच्या २०१८ च्या ओढ्याचा हिशेबही त्यात असेल.